कापसाची खोली

आंजी गावात तानबांच्या घरात त्या साली कापूस माणसांपेक्षा ऐसपैस राहत होता. पंचावन्न सालचं पीक झकास आलेलं, आणि भाव चढल्याशिवाय विकायचा नाही असा म्हाताऱ्याचा हट्ट. ओसरीलगतची खोली आढ्यापर्यंत भरली होती. दुपारी जेवण झालं की तानबा ढिगावर चढायचे, पायांनी कापूस दाबायचे आणि दमले की तिथंच ताणून द्यायचे.

सून पंचफुला. लग्नाला चार वर्षं झाली, पण सासऱ्याशी ती अजून समोरासमोर बोलली नव्हती. त्या घरची रीतच तशी होती. सासरा दिसला की पदर पुढं ओढायचा, काही सांगायचं असेल तर भिंतीकडं बघून सांगायचं, आणि त्याच्या अंगाला बोटही लागू द्यायचं नाही. तिला त्या रीतीचा जाच वाटत नसे. म्हातारा मायाळू होता. बाजारातून आला की चुलीपाशी गुळाचा खडा गुपचूप ठेवून जायचा. तिचा त्याच्यावर फार जीव होता.

त्या दिवशी सकाळपासून तिला घरघर ऐकू येत होती. घशात काही अडकल्यावर श्वास ओढून ओढून येतो, तशी. तिनं गोठ्यात जाऊन वासरू पाहिलं, ते मजेत कडबा खात होतं. मांजर निवांत झोपलेली. सासूला, जिजाबाईला विचारलं, तर तिला काहीच ऐकू येत नव्हतं. उंदीर असतील म्हणाली. चुलीपुढं बसलं तरी तो आवाज होता, विहिरीवर गेलं तरी होताच. जवळ येत नव्हता की लांब जात नव्हता.

दुपारी भांडी घासताना तो एकदम थांबला.

पंचफुलाचे हात राखेतच राहिले. आता उशीर करून चालायचं नाही, एवढंच तिला वाटलं. ती उठली आणि सासरा झोपलेल्या त्या खोलीत सरळ शिरली.

ढिगाची कड ढासळली होती. तानबा कापसात रुतून पडले होते. हनुवटी छातीला टेकलेली, ओठ निळे, तोंडात कापूस. छाती हलत नव्हती.

मागोमाग आलेली जिजाबाई तशीच वळली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. जाणाऱ्याच्या तोंडात घोटभर पाणी पडावं, याशिवाय तिला दुसरं काही सुचलं नाही.

"पाणी नका टाकू, आत्याबाई," पंचफुलानं तिचा हात धरला. "अजून गेले नाईत ते."

तिनं म्हाताऱ्याला ओढून सारवलेल्या जमिनीवर घेतलं. दिसत होता तेवढा कापूस बोटानं बाहेर काढला. एक हात कपाळावर ठेवून मान मागं केली, दुसऱ्या हाताच्या बोटांनी हनुवटी वर उचलली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तरी कुठं धरायचं, किती उचलायचं, ते तिच्या मानेला ठाऊक होतं.

काही झालं नाही.

तिनं हनुवटी आणखी उचलली.

खर्र करून श्वास आत गेला. मग दुसरा. मग खोकल्याची उबळ आली.

जिजाबाई मटकन खाली बसली आणि सुनेला कवटाळून रडली. घटकाभरानं तानबा भिंतीला टेकून गुळाचा चहा पिऊ लागले, तेव्हा दोघींच्या जिवात जीव आला. कप खाली ठेवून ते थेट सुनेशी बोलले. चार वर्षांत पहिल्यांदाच.

"तुले आता बरं वाटते ना, बाई?"

पंचफुला सासूकडं बघू लागली.

"सकाळी कापसात निपचित पडली होती तू. सुनेले शिवू नाई, पण काय करतो? तोंडातला कापूस काढला, मान मागं केली, तवा कुठं तुया दम चालू झाला."

"सकाळी तर तुमी वावरात होते," जिजाबाई डोळे पुसत हसली. "बुढा भरमला, बाई."

पंचफुलालाही हसू आलं. म्हातारा वाचला होता. भरमला तर भरमला. ती पोटभर हसली आणि हसता हसता तिला ठसका लागला. तिनं तोंड फिरवून हात ओठांशी नेला.

तळहातावर ओल्या कापसाचा बोळा आला, सरकीसकट. तिनं तो मुठीत मिटला आणि श्वास घेतला. सकाळपासून पहिल्यांदाच तो पोटापर्यंत पोचला.