चौदा नंबरचा कान

"तू आतूनही दगडच आहेस का रे?"

विचारलं! एकदाचं विचारून टाकलं! मैत्रिणींनी अभ्यास-सहलीच्या बसमध्ये पैजच लावली होती – मुनीला हे विचारून दाखव, नाहीतर परतताना खिडकीची जागा सोड. मुनी म्हणजे आमच्याच वर्षाचा, ब तुकडीतला तो उंच मुलगा. वर्षभरात "हजर" सोडून तो काही बोलल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

मोजपट्टी गुंडाळता गुंडाळता त्याने वर पाहिलं.

"माहीत नाही," तो म्हणाला. "आधी या डोंगराचं बघू."

मागे मैत्रिणी फिदीफिदी हसल्या. मी मात्र त्याच्या पापण्यांवरची धूळ बघत राहिले... खिडकी वाचली, पण माझं काही खरं नव्हतं.

समोर उतारावर पसरली होती दगडी हिमनदी. मेलेली. अंगावर गवत उगवलेली.

"फार पूर्वी या दगडांच्या फटींत बर्फ होता," संशोधक ताई सांगत होत्या. "त्याच्या जोरावर अख्खा ढिगारा वर्षाला वीतभर खाली सरकायचा. सरकता सरकता या वळ्या पडल्या, चुरगळलेल्या पांघरुणासारख्या. मग बर्फ वितळला, चाल थांबली, वळ्या राहिल्या. पण पोटात काय उरलंय? कुठे बर्फ दडलाय का? आणि पायथ्याचा झरा उन्हाळ्यातही आटत कसा नाही?"

हे विचारत विचारत जगता येतं? पगार घेऊन?

घरी पुढच्या वर्षीच्या विषयांचा फॉर्म पडला होता. आई दातांची डॉक्टर. तिने माझे विषय पेन्सिलीने भरूनही ठेवले होते. का, तर मी धांदरट – तिच्या दवाखान्यात, तिच्या नजरेखाली बरी. मी मनाशी ठरवलं : आज एक काम धड करून दाखवायचं. जमलं, तर त्या पेन्सिलीवर खोडरबर!

उतारावर ओळीने चोवीस जिओफोन खोचले होते. जमिनीचे कानच ते. लोखंडी ताटावर घण हाणायचा आणि आवाज पोटातून फिरून प्रत्येक कानाला किती वेळात पोचतो ते पडद्यावर त्याच्या रेघेत बघायचं. घण हवेत गेला की सगळ्यांनी पुतळा व्हायचं. पाऊल हललं तरी रेघ बिघडते.

"घण कोण घेणार?"

"मी!"

"ताई, हिला नको! कुणाचा तरी पाय जाईल!"

ताईंनी तरीही घण माझ्याच हाती दिला.

ठण्ण!

तेवीस रेघा स्वच्छ. चौदावी मात्र भूकंप झाल्यासारखी! तिथल्या खडकात जिओफोनचा खिळा रुतत नव्हता, म्हणून मुनी तो कान हाताने दाबून बसला होता. पुन्हा हाणला, पुन्हा तेच. मग वर्गातल्या पैलवानाने हाणला, तर चौदा नंबर एकदम शहाणा.

ताईंनी चष्म्यावरून पाहिलं. "फक्त तुझ्याच वेळी कसं गं हे?"

"ओहोहो..." अख्खा वर्ग.

"गप्प बसा रे! शेवटच्या कानापर्यंत पोचतोय तो हिचाच घाव. वारा सुटायच्या आत एकदा नीट झालं पाहिजे. जा, बघ जरा त्याला."

मी तरातरा गेले. "पाय हलवतोस का?"

"नाही."

"मग?"

"हात थरथरतो... तू घण उचललास की."

"एवढा घाबरतोस मला?"

"घाबरत नाही." तो कानांपर्यंत लाल लाल झाला. "आवडतेस. मला फरक कळतो, हाताला कळत नाही."

मी! जिची जीभ झोपेतही थांबत नाही... ती मी उगाचच वाकून चौदा नंबरची वायर तपासत बसले. वाऱ्याची पहिली झुळूक आली तेव्हा कुठे भानावर आले.

"मलाही," मी म्हटलं. "कळलं ना? आता दाब घट्ट!"

धावत परत आले. पाय रोवले, घण उचलला. तिकडे तो – डोळे माझ्यावर, हात खडकासारखा स्थिर.

ठण्ण!!

चोवीसच्या चोवीस! ताईंनी टाळीच दिली. "बर्फ असता तर आवाज सुसाट पळत आला असता. तो रमतगमत आला. वर मोठे दगड, मधे नुसती हवा. खाली वाळू-खडी, पाण्याने भिजलेली. तळाशी चिकणमातीचा थर, तो पाणी धरून ठेवतो. बर्फ गेला, पण झरा जागा ठेवून गेला!"

परतताना खिडकी मीच मुनीला दिली.

"तुझा प्रश्न राहिला," तो म्हणाला. "वरवरच दगड आहे."

"दिसलं मला. चौदा नंबरवर."

तो हसला. बापरे, हसतोही!

घरी बूटसुद्धा न काढता मी टेबलाशी गेले आणि खोडरबर चालवला.

"अगं, माझे विषय!" आई.

"तुझेच होते ना? आता माझे लिहिते. आई, बाबा, ऐका – मी भूगर्भशास्त्र घेणार. धांदरटपणाने नाही, ठरवून. आज चोवीसच्या चोवीस रेघा स्वच्छ आल्यात, विचारा ताईंना."

बाबांनी एकदा आईकडे पाहिलं आणि खिशातलं पेन काढून माझ्यापुढे ठेवलं.

"आणि रविवारी एक जण चहाला येणार आहे," मी लिहिता लिहिता सांगितलं. "कप भरून देऊ नका. त्याचा हात थरथरतो."