सुगंधी की साधा?

श्रावणातली ती भुरभुर झाशीच्या मानिक चौकात कुणालाच धड भिजवत नव्हती, पण त्या एका माणसाला मात्र तिनं बरोबर गाठलं. डोक्यावर ऑफिसची बॅग धरून तो धावत आला आणि शाल्मलीच्या तंबाखूच्या दुकानाच्या पत्र्याखाली उभा राहिला. शर्टाची एक बाही कोरडी आणि दुसरी चिंब.

शाल्मलीनं मानसुद्धा वर केली नाही. सकाळी नऊपासून ती उभी होती, पोटऱ्यांचे दगड झाले होते, आणि आडोशाला आलेली माणसं काही विकत घेत नाहीत हे तिला पाठ होतं. वडिलांचे, श्रीकृष्णरावांचे, गुडघे गेले तेव्हा ती बावीस वर्षांची होती. "चार महिने बस गं दुकानात," म्हणाले होते. त्या चार महिन्यांची अकरा वर्षं झाली. आता दसऱ्याला दुकान एका मोबाइलवाल्याला द्यायचं ठरलं होतं. लोक विचारत, मग पुढे तू काय करणार? ती म्हणायची, "आठ दिवस नुसती झोपणार." लोक हसायचे. ती हसत नसे, कारण ती खरंच सांगत होती.

"जी... पाइपमध्ये भरायचा तंबाखू भेटेल का?"

मराठीत! पाटीवर 'बिवलकर' वाचलं असणार. तिनं वर बघितलं. चष्म्यावर पावसाचे थेंब, आणि हातात नवाकोरा पाइप — तोही उलटा धरलेला!

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी. मतलब... नाटकात आहे मी. गणपतीच्या. रिटायर्ड कर्नलचा रोल. कर्नल पाइप ओढतो."

"आणि तुम्ही?"

"मी खोकतो," तो म्हणाला.

त्याचं नाव मुकुल. आजोळ झाशीचं, पण वाढला कानपुरात. सहा महिन्यांपूर्वी बिजौलीच्या एका कारखान्यात बदली होऊन आलेला. मराठी सगळं कळायचं, बोलताना मात्र वाटेत हिंदीचे खड्डे लागायचे. शाल्मलीनं हे सगळं न विचारता ऐकून घेतलं आणि मागचं कपाट उघडलं. बबीना छावणीतल्या फौजी साहेबांसाठी आजोबांनी ते कपाट भरायला सुरुवात केली होती. आता तिकडचे दोन म्हातारे कर्नल तेवढे गिऱ्हाईक उरले होते.

"नवशिक्याला हलकाच द्यायला हवा," ती म्हणाली. "हलक्यातही दोन जाती. एक सुगंधी — यात व्हॅनिला, चेरी असलं काहीबाही मुरवलेलं असतं. दुसरा साधा. त्याला पानाचाच काय तो वास."

त्यानं सुगंधी डबा नाकाशी नेला आणि डोळे मिटले. "अरे वा! हेच द्या."

"सगळे पहिल्यांदा हाच नेतात," ती पुटपुटली.

तो गेल्यावर तिच्या एकदम ध्यानात आलं... अरे देवा! गणपतीसमोर तंबाखू?

झाशीतल्या मराठी घरांत शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट होती ही. फार वर्षांपूर्वी कुणा नटानं मंचावर खरी विडी पेटवली होती आणि पडद्याला झळ लागली होती. तेव्हापासून गणपती मंडळाचा नियम एकच — मंचावर पेटवायची ती फक्त समई. कानपूरच्या माणसाला हे कुठून माहीत असणार? पुढच्या वेळी सांगू, असं म्हणून तिनं शटर ओढलं.

पुढच्या शनिवारी तो हजर. पाऊस नव्हता. जीभ मात्र भाजली होती.

"तुमचा तो व्हॅनिला दगाबाज निघाला! वास असा गोड, आणि जिभेला असा चटका!"

"भसाभसा ओढलात ना?"

"विझतच होता सारखा. मग काय करणार?"

"सुगंधी तंबाखू ओलसर असतो, म्हणून विझतो. मग माणूस जोर लावतो आणि तोंड भाजून घेतो. आधी कागदावर पसरून थोडा सुकू द्यायचा. मग दाबून न भरता सैल भरायचा. आणि ओढायचा कसा, तर गरम चहाचा घोट घेतो तसा... सावकाश."

"तुम्ही ओढता?"

"मी? मी नुसती विकते."

"तरी इतकं माहीत?"

"हलवायाला मधुमेह असला तरी पाक कळतोच की हो."

तो इतका मोकळा हसला की शेजारच्या भांड्यांच्या दुकानातून दोघांनी वळून बघितलं. शाल्मलीच्या ओठांवर नियम आला होता — अगदी ओठांवर. 'अहो, मंडळात पाइप पेटवायची परवानगी नाही.' एवढं एक वाक्य. पण ते सांगितलं की झालं, तंबाखूचं काम संपलं. मग शनिवारी कोण येणार? तेच ते सुपारीवाले आणि तपकीरवाले. तिनं वाक्य गिळलं आणि साध्या तंबाखूचा डबा पुढे केला.

तिसऱ्या शनिवारी तो घरमालकिणीची गोष्ट घेऊन आला.

"पहिल्या हफ्त्यात विचारायची, भैया, केक बना रहे हो का? या हफ्त्यात बादली घेऊन छतावर आली. म्हणे, का जर रओ है? काय जळतंय म्हणून!"

शाल्मली हसली. किती दिवसांनी, कुणास ठाऊक! गालांनासुद्धा सवय राहिली नव्हती.

"तेच तर," ती म्हणाली. "सुगंधी तंबाखू शेजारी बसणाऱ्यासाठी असतो आणि साधा ओढणाऱ्यासाठी. चव कशी वाटली?"

"चव..." तो विचारात पडला. "भाजलेल्या शेंगदाण्यासारखी. थोडीशी. बाकी सगळा धूर." मग त्यानं चष्मा पुसला, पुन्हा घातला. "तुम्हाला कोणता आवडतो? सुगंधी की साधा?"

अकरा वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. तिला आधी रागच आला.

"मला? मला वास नसलेलं काहीही आवडेल. रोज शिकेकाईनं केस धुते, तरी जात नाही. ग्वाल्हेरचं एक स्थळ आलं होतं. मुलाची आई म्हणाली, मुलगी चांगली आहे हो, पण तंबाखूचा वास मारते." एवढं बोलून तिनं जीभ चावली. गिऱ्हाइकाला काय सांगत बसलो आपण!

मुकुलनं डब्याचं झाकण उगाच उघडलं, पुन्हा लावलं. मग म्हणाला, "मला तर... छतावर डबा उघडला की दुकान आठवतं. म्हणून मग कितीदा पेटवायचं राहूनच जातं."

आणि पिशवी न घेताच निघाला. चार पावलं गेल्यावर कान लाल करून परत आला, पिशवी घेतली आणि गेला.

त्या रात्री पाय शेकताना शाल्मलीनं स्वतःला चांगलं फैलावर घेतलं. बाई, तू करतेस काय? माणूस भला आहे. परवा सगळ्या मराठी समाजासमोर, गणपतीपुढे, तुझा तंबाखू पेटवणार. त्याचं हसं होईल, पडदा पाडतील, शिव्या देतील — आणि हे सगळं कशासाठी, तर तुला शनिवारी दोन गोड शब्द ऐकायचेत म्हणून! तिला स्वतःचीच लाज वाटली. वाटलं, तो आला नाही तरी चालेल, पण त्याला मान खाली घालायला लागता कामा नये.

दुसऱ्या दिवशी तिनं चारलाच शटर ओढलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मंडळाच्या सभागृहात रंगीत तालीम चालली होती. दारातच जानकीकाकू भेटल्या — नाटक त्याच बसवत होत्या, आणि साऱ्या मंडळाला त्यांचा धाक.

"अगंबाई, शाल्मली! वाट चुकलीस की काय?"

"काकू, एक चूक झालीय माझी," ती धापा टाकत म्हणाली. "तुमचा तो कर्नल... त्याला नियम माहीत नाही. मी त्याला तंबाखू विकला. तीनदा! त्याला रागावू नका, चूक माझी आहे."

काकू तिच्याकडे बघतच राहिल्या. मग पदर तोंडाला लावून हसू लागल्या.

"अगं वेडे, पहिल्या तालमीलाच सांगितलंय मी त्याला. श्रावण लागायच्याही आधी! पाइप रिकामा धरायचा, पेटवायचा नाही. ए मुकुल, इकडे ये रे! ही बघ काय म्हणतेय!"

मुकुल आला. अंगात कर्नलचा कोट, ओठांवर एका बाजूनं सुटलेली मिशी. शाल्मलीला बघून तो जागच्या जागी थिजला. काकूंनी एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पडद्याच्या दोऱ्या तपासायला म्हणून निघून गेल्या.

दोघं बाहेरच्या पायरीवर आले. शाल्मलीनं चपला काढल्या आणि सरळ बसकण मारली. उभं राहायचं त्राणच नव्हतं.

"माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

"मग तंबाखू कशाला नेलात?"

"पहिल्या दिवशी पाऊस होता," मुकुल म्हणाला. "कुणाच्या दुकानात असंच कसं उभं राहणार? हातात पाइप होता, म्हणून विचारलं." त्यानं लोंबणारी मिशी काढून खिशात टाकली. "पुढच्या शनिवारी पाऊस नव्हता."

"आणि जीभ भाजली ती?"

"खरीखुरी भाजली! ओढून बघितल्याशिवाय तुम्हाला येऊन सांगणार काय? खोटं बोललं तर तुम्ही एका मिनटात पकडलं असतं." तो थांबला. "मला ना सुगंधी आवडतो, ना साधा. मला तुम्ही आवडता, शाल्मलीजी. बस... एवढंच आहे."

शाल्मलीला रडू आलं की हसू, तिचं तिलाच कळेना. आतून कुणीतरी चुकीच्या जागी टाळ्या वाजवत होतं.

"मलाही माहीत होता नियम," ती म्हणाली.

"तुम्हाला? कधीपासून?"

"लहानपणापासून. तुम्ही पहिल्यांदा येऊन गेलात ना, त्याच संध्याकाळी आठवलाही."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं, तर दुसऱ्या शनिवारी आला असता?"

तो तिच्याकडे बघत राहिला. मग एक पायरी सोडून, खालच्या पायरीवर, तिच्या पायांशी बसला. त्याच्या कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता, आणि तिच्या केसांना अर्थातच तंबाखूचा.

"दसऱ्यापासून दुकान नाही," ती म्हणाली. "आधीच सांगून ठेवते. मग शनिवारी यायचं झालं तर घरीच यावं लागेल. बाबा असतात. आणि मी... मी आठ दिवस नुसती झोपणार आहे."

हे ऐकून सगळे हसत. मुकुल हसला नाही.

"झोपा ना," तो म्हणाला. "मी बाबांशी बोलत बसेन. मला त्यांना जे विचारायचंय, ते हळूहळू विचारेन. तुम्ही उठलात की चहा ठेवेन."

आतून जानकीकाकूंची हाक आली — कर्नल कुठे मेला? तो उठला, दोन पायऱ्या चढला आणि वळला.

"चहात साखर किती?"

"दोन चमचे," शाल्मली म्हणाली, आणि भिंतीला डोकं टेकून तिनं डोळे मिटले.