मेंदीची मूठ

आईने इलयासच्या तळहातावर ओली मेंदी ठेवली मात्र, त्याचा हात लटलटा कापू लागला! फौजेत निघालेल्या मुलाला मेंदी लावायची, ही काळ्या समुद्राकाठच्या त्या गावाची रीत. कुर्बानीच्या मेंढ्याला लावतात तीच मेंदी... त्याची बस सुटायला तासभर होता. अंगणात ढोल घुमत होता, आणि त्याच्या भयव्याकुळ डोळ्यांपुढे पूर्वेच्या डोंगरांतून झेंड्यात गुंडाळून आलेला शेजारचा मुलगा येत होता.

सहा वर्षं तो सक्तीची भरती चुकवत होता; शिपायांची जीप दिसली की तो हेझलनटच्या बागेत दडून बसे. गावाने त्याला ‘झुडपातला ससा’ ठरवलं. फौजेची चाकरी न केलेल्याला मुलगी कोण देणार? गुलशेनच्या बापाने साखरपुड्याची अंगठी परत पाठवली, तेही त्याने मुकाट्याने गिळलं!

धाकटा भाऊ नेजात दारात आला. गावच्या एकुलत्या एक दवाखान्याचा हा डॉक्टर. त्यालाही याच महिन्यात फौजेचं बोलावणं आलं होतं.

"सशाला आज बरं शौर्य सुचलं!" तो म्हणाला. "तुझ्यापायी कॉलेजात मान खाली घालून वावरलो मी! आता मीही दवाखान्याला कुलूप लावून निघतोय."

"आधी हे वाच मेल्या!" आईने भरती कचेरीतून सकाळीच आलेला कागद त्याच्यापुढे धरला.

एक भाऊ फौजेत असेपर्यंत दुसऱ्याची भरती स्थगित...

"त्याला हा कायदा ठाऊक होता रे," आईचा बांध फुटला. "वेळेवर गेला असता, तर तू शिकून यायच्या आधीच परतला असता. मग तुला कोण वाचवणार होतं? म्हणून आपली पाळी राखून ठेवली त्याने... आणि कुणाला सांगू नये म्हणून मला कुराणाची शपथ घातली!"

नेजातने मेंदीने माखलेला तो हात ओठांना, मग कपाळाला लावला. "दादा... का सोसलंस रे एवढं?"

"मी शूर नाही, नेजात. भीती मला खरंच वाटते... फार वाटते. दीड वर्षात दुसरा डॉक्टर येईल म्हणतात. तोवर दवाखाना उघडा ठेव."

तेवढ्यात फाटकातून हाक आली, "डॉक्टर, धावा! आमची सून अडलीय!"

नेजात हात सोडेना. "तुला बसपर्यंत तरी..."

"जा! मग मी चाललोय कशाला?"

नेजात धावला, कपाळावर मेंदीचा ओला डाग तसाच होता. आईने इलयासची मूठ मिटून तिच्यावर फडकं बांधलं, घट्ट, दोन गाठी मारून. तरी ती कापतच होती.