तीनदा विचारायचं असतं

मी वर्गाच्या दारात आपटले ती त्याच्या बुटांना अडखळून.

जावातल्या सालातिगाच्या आमच्या शाळेत मुलं बूट घालूनच वर्गात बसतात. पण दहा दिवसांच्या भेटीवर थायलंडच्या नान गावाहून आलेली आठ मुलं आणि त्यांचे शिक्षक उंबऱ्याबाहेर बूट ओळीनं मांडून मोकळे!

"बूट माझे," हात पुढे करत तो म्हणाला, "पण पडणं सर्वस्वी तुमचं."

"पाहुण्यानं तोंड जरा सांभाळावं, ख्रू तोंग." 'ख्रू' म्हणजे गुरुजी, हे मी त्यांच्या मुलांकडून उचललं होतं.

आमच्या मुलांचं 'बू', म्हणजे बाई, त्यानंही उचललं होतं. "सांभाळलं असतं, बू वेनिंग... पण तुम्ही हसताय."

हसत होते खरी. आणि दहाही दिवस हसतच होते. मुलं एकमेकांना खेळ शिकवायची, आणि आम्ही मुलांकडे लक्ष आहे असं दाखवायचो.

शेवटच्या संध्याकाळी आल्याचं गरम रोंदे पिताना तो वाटीत बघत म्हणाला, "ऑक्टोबरात आमच्या नदीत होड्यांच्या शर्यती असतात. याल? मुलांना न घेता... एकट्याच?"

"छे, छे! कशाला उगाच तुम्हाला त्रास!" मी म्हणाले आणि श्वास रोखून बसले. आमच्या जावात पहिल्या विचारण्याला कुणी हो म्हणत नाही. अधाशी दिसतं ते.

"बरं," तो हळूच म्हणाला. "तुम्हाला अवघड वाटायला नको." त्यांच्याकडे पुन्हा विचारून कुणाला संकोचात टाकत नाहीत, हे मला फार उशिरा कळलं.

मग सात महिने दोन्ही शाळांची पाकिटं येत-जात राहिली. त्याची चिठ्ठी ठरलेली. 'चित्रं मिळाली. धन्यवाद. तोंग.' त्या चार शब्दांत आणखी काही सापडतंय का, म्हणून मी ती किती वेळा वाचली, विचारू नका. त्याची आठवण यायची. खूप यायची.

सप्टेंबरात मुलांनी 'आमच्या घरचे रिवाज' लिहिले. आमच्या पाचवीतल्या लारासनं लिहिलं, 'जेवायला तीनदा विचारायचं असतं. माझ्या आजीला एकदा कुणी दुसऱ्यांदा विचारलंच नाही. ती उपाशी घरी आली आणि रडली.'

तो कागद मी नानला जाणाऱ्या गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवला.

गठ्ठा पोचल्यावर एका शुक्रवारी दोन्ही वर्ग पडद्यावर समोरासमोर आले. त्याच्या हातात लारासचा कागद होता. कान लालभडक.

"लारासच्या आजीची माफी मागतो," तो म्हणाला. "आणि बू वेनिंग... दुसऱ्यांदा विचारतो. होड्या बघायला याल? मी... मी रोज वाट बघतोय."

लारासनं माझी बाही ओढली.

"नको म्हणा, बू! अजून एकदा बाकी आहे!"

सात महिने मी बाकीच मोजत आले होते.

"येते," मी म्हणाले.

"बू!" लारास कळवळली. "लोक काय म्हणतील?"

"अधाशी म्हणतील," मी म्हणाले. "म्हणू देत."