तिसऱ्या टाकीतली पूड

तपासनीस साहेब पोचले तेव्हा तिसऱ्या टाकीभोवती सगळे तोंडं पाडून उभे होते. टाकीत टपोरे स्फटिक यायचे, ते नव्हते. नुसती पिठासारखी पूड. अख्ख्या टाकीतलं औषध वाया!

"हिनं कॉक जास्त उघडला," सुपरवायझर म्हणाला. "स्पिरिट बदाबदा आत गेलं."

"नाही हो साहेब!" ऑपरेटर मुलगी रडकुंडीला आली होती.

सुपरवायझर तिचा सख्खा मामा. त्यानंच तिला इथं चिकटवलं होतं, आणि आज संध्याकाळी तिला काढणार होते. कारखान्यात काही बिघडलं की आधी माणूस धरतात, कारण नंतर शोधतात. असल्या भानगडी निस्तरून साहेबांचा जीव विटला होता. त्यांनी खुर्ची ओढली.

"काम कसं चालतं?"

"प्रत्येक टाकीत मेंब्रेनची, म्हणजे पातळ पापुद्र्याची, एक नळी," मुलगी म्हणाली. "तिच्या बारीक छिद्रांतून स्पिरिट औषधाच्या पाण्यात झिरपतं. हळू गेलं की स्फटिक सावकाश वाढतात. एकदम गेलं की ही अशी पूड."

"आणि कॉक?"

"पाचही टाक्यांना मिळून एकच."

साहेबांनी नळ्या वर काढायला लावल्या. चार पिवळट. तिसरी पांढरीशुभ्र.

"ही नवी का?"

"नाही. काल तुंबली होती. मामांना म्हटलं, उद्या उलटं पाणी सोडून धुते. सकाळी मामांनी शेड उघडून ठेवली होती. मी आले तर नळी आपोआप मोकळी!"

साहेब मामाकडे वळले. "तुंबलेली नळी तुम्ही कशी साफ करता?"

"त्यात काय! तारेचा ब्रश मारायचा. जन्मभर जाळ्या घासल्यात मी."

साहेबांनी कंटाळून डोळे चोळले.

"कॉक जास्त उघडला असता, तर पाचही टाक्यांत पूड झाली असती. बिघडली एकच. म्हणजे दोष नळीत. लोखंडी जाळी घासली तर चकाकते, मेंब्रेन घासलं तर फाटतं. म्हणून ही नुसतं पाणी सोडणार होती. हिच्याआधी इथं कोण होतं, मामा?"

मामानं आवाज खाली आणला.

"पोरीचं काम हलकं व्हावं म्हणून केलं, साहेब. मग मॅनेजर ओरडत आले, आणि माझी टरकली."

"म्हणून भाचीवर ढकललंत?"

मुलीचं रडणं थांबलं होतं.

"मला नुसतं सांगितलं असतंत ना, मामा," ती म्हणाली, "तर मी आपणहून माझ्यावर घेतलं असतं."