मनकर्णाबाईंचा पाहुणा

शेंदूरजनाघाटच्या मनकर्णाबाई मुलाकडे व्हिएन्नाला निघाल्या, तेव्हा विमानातल्या हवाईसुंदरीपासून विमानतळावरच्या पोलिसापर्यंत भेटेल त्याला त्यांनी एकच आमंत्रण दिलं. "येजा बरं आमच्या गावाले." वऱ्हाडात ही रीतच आहे. एसटीत शेजारी बसलेल्या माणसाशी घटकाभर बोलणं झालं, की उतरताना असं म्हणायचं असतं, आणि त्यानं "हाव, येतो न" म्हणायचं असतं. कोणी येत नाही आणि कोणी वाटही पाहत नाही. पण म्हटलं नाही तर माणूस माणूसघाणा ठरतो. दुसरी रीत अशी, की समोरच्यानं घरचं काही विचारलं तर आखडतं घ्यायचं नाही. घर कसं, वावर किती, विहिरीला पाणी कसं, पोरं काय करतात, सगळं मोकळेपणी सांगायचं. मनकर्णाबाई दोन्ही रीती अगदी मनापासून पाळत.

त्यांचा मुलगा किशोर तिथं लिफ्ट बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर होता. अडकलेली लिफ्ट का अडकली, हे शोधणं त्याचं काम. प्रत्येक गोष्टीला कारण असतं आणि नीट पाहिलं तर ते सापडतं, असं त्याचं मत होतं, आणि आजवर ते खोटं ठरलं नव्हतं. लग्न त्यानं केलं नव्हतं. मागच्या हिवाळ्यात वडील, वामनराव, गेले आणि माय गावी एकटी पडली. मे महिन्यात तिकडं पारा पंचेचाळिसाला टेकला, तशी त्यानं तिला बोलावून घेतली. वरवर कारण उन्हाचं होतं. खरं कारण असं, की आपल्याला लहानपणापासून ओळखणारं जगात आता हे एकच माणूस उरलंय, हे त्याला वडिलांच्या तेरवीच्या दिवशी एकदम कळलं होतं, आणि तेव्हापासून त्याला भीती वाटायची.

पहिल्या रविवारी तो तिला शॉनब्रुनचा राजवाडा दाखवायला घेऊन गेला. पिवळ्या रंगाची लांबच लांब इमारत, पुढे खडी अंथरलेले रस्ते, एका मापात कापलेली झाडं. मनकर्णाबाईंनी राजाच्या खोल्या फारशा मनावर घेतल्या नाहीत. "एवढं घर कोन झाडत असन?" एवढंच त्या म्हणाल्या. पण बागेत एका बाजूला चौकोनी लाकडी कुंड्यांमध्ये संत्र्या-लिंबांची झाडं मांडलेली दिसली, तशी त्यांची चाल बदलली. त्यांनी एक पान चुरगळून हुंगलं, बुंध्यावरून हात फिरवला.

"मुळ्या पसरवायले जागाच नाई न याईले," त्या हळहळल्या आणि समोरच्या बाकावर बसल्या. किशोर पाणी आणायला गेला.

तो परत आला तेव्हा बाकावर मायच्या शेजारी एक म्हातारा बसला होता. एवढ्या उन्हात गळ्यापर्यंत बटणं लावलेला तपकिरी कोट. चेहरा असा, की आत्ताच कुठंतरी पाहिलाय असं वाटावं आणि मान वळवली की आठवू नये. मनकर्णाबाई हातवारे करून बोलत होत्या आणि तो मान खाली घालून ऐकत होता. किशोर जवळ आला तसा तो उठला, मनकर्णाबाईंकडे पाहून किंचित वाकला आणि खडीवरून निघून गेला. एवढी खडी होती, पण पावलांचा आवाज काही आला नाही.

"कोण होतं माय?"

"आपल्याचकडचा वाटते. लय सालस मानूस. घराचं इचारत होता. दार कोन्या बाजूले, चूल कुठं, देव कुठं. म्हनलं, येजा."

"मग?"

"म्हने, येतो."

"कोणत्या भाषेत बोलला?"

"आपल्याच. दुसरी कोनती येते मले?"

किशोर हसला. शहरात भारतीय कमी नव्हते, असेल कोणी विदर्भातला. ट्रामनं घरी येताना त्यानं सहज विषय काढला, की पावसाळ्याआधी गावच्या घराचं मागचं दार बदलून घेऊ. मनकर्णाबाई खिडकीबाहेर पाहत होत्या.

"मांगं दार हाय आपल्याले?" त्यांनी विचारलं.

दमली असेल, असं त्यानं धरून चाललं. पण रात्री जेवताना त्यानं मुद्दाम खोदून विचारलं. अंगण कुठल्या बाजूला? त्यांना सांगता येईना. चाळीसेक वर्षं ज्या घरात शेणसडा घातला, त्या घराच्या किती खोल्या हेसुद्धा त्यांना आठवेना. बाकी सगळं लख्ख होतं. ट्रामचा नंबर, सकाळी काय खाल्लं, विमानात शेजारी बसलेल्या बाईच्या नातवाचं नाव. फक्त घर तेवढं पुसून गेलं होतं. आणि त्यांना त्याचं दुःखही दिसत नव्हतं. "असन काईतरी," म्हणून त्या भात कालवत राहिल्या.

पुढच्या सुटीत त्यानं त्यांना प्राटरच्या मोठ्या पाळण्यात नेलं. जत्रेतला आकाशपाळणाच तो, फक्त पाळण्याच्या जागी खोलीएवढे लाल लाकडी डबे आणि त्यांना खिडक्या. डब्यात बरीच गर्दी होती. दार लागलं, डबा हलला, आणि पलीकडच्या खिडकीशी किशोरला तपकिरी कोट दिसला. मनकर्णाबाई तिकडंच सरकत होत्या. मध्ये पर्यटकांची पोरं, पाठीवरच्या पिशव्या. त्याला पुढं जाता येईना. डबा वर चढत गेला, खाली शहराची छपरं, लांब नदी, आणि या सगळ्याकडे पाठ करून ती दोघं समोरासमोर उभी. मायचे हात झाड दाखवत होते, पाण्याचे पाट दाखवत होते. ती बगिच्याचं सांगत होती.

डबा खाली टेकला तेव्हा किशोरनं त्या माणसाचा दंड धरला आणि जर्मनमध्ये विचारलं, "तुम्ही कोण? माझ्या आईकडून काय हवंय?"

म्हातारा त्याच्याकडे पाहत राहिला. भाड्यानं घ्यायची खोली पाहावी, तसं. मग त्यानं दंड सोडवून घेतला. कोटाचं कापड ओलसर आणि गार लागलं.

परतताना बाजारातून जाताना किशोरनं फळवाल्याकडून एक संत्रं घेऊन मायच्या हातात ठेवलं. त्याला काय ताडून पाहायचं होतं, हे त्यालाच ठाऊक होतं. सासरी आल्यापासून जी बाई संत्र्याच्या बगिच्यात राबली, पावसाळ्यातला मृगाचा बहार धरायचा की हिवाळ्यातला आंबियाचा यावर जिचं म्हणणं वामनराव शेवटचं मानत, तिनं ते फळ हातात फिरवून पाहिलं, दाबलं.

"हे काय हाय?" त्या म्हणाल्या. "वास चांगला हाय."

दुसऱ्याच दिवशी तो त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी कागदावर घड्याळ काढायला सांगितलं, शब्द लक्षात ठेवायला सांगितले, डोक्याची चित्रं काढून पाहिली. मनकर्णाबाईंनी सगळं बिनचूक केलं आणि निघताना त्यांनाही गावचं आमंत्रण दिलं. वय धरून तब्येत उत्तम आहे, असा निकाल आला. किशोरनं रजा टाकली आणि तो मायला सावलीसारखा चिकटून राहिला. ज्या ज्या दिवशी तो माणूस दिसला नाही, त्या दिवशी त्यांचं काहीच हरवलं नाही, हे त्यानं पाहून ठेवलं होतं. लिफ्टच्या बाबतीत एवढ्यावर त्यानं कारण लिहून दिलं असतं. इथं मात्र त्याच्यापुढं कारणच उभं होतं आणि त्याला ते लिहिता येत नव्हतं.

एवढी खबरदारी घेऊनही एक दिवस चुकला. मोठ्या चर्चमध्ये मनकर्णाबाईंना मेणबत्ती लावायची होती. "देव कोन्याबी गावचा असो," त्या म्हणाल्या. किशोर पेटीत नाणं टाकायला वाकला. सरळ झाला तेव्हा माय पुढच्या बाकावर बसली होती आणि तिच्या शेजारी तपकिरी पाठ होती. तो धावत पोचेपर्यंत पाठ खांबाआड गेली.

"काय विचारलं त्यानं?"

"मालकाचं."

संध्याकाळी घरात भिंतीवरच्या वामनरावांच्या फोटोपुढे त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. "कोनी चांगल्या घरचे दिसतेत," असं म्हणून त्यांनी हात जोडले.

किशोरला रडू आवरेना. मनकर्णाबाईंनी त्याला जवळ घेतलं, लहानपणी घेत तसं, डोकं पोटाशी धरून.

"काहून रडतं रे? तुह्यंबी इचारत होता तो. म्हनलं, पोराचं नाई सांगत मी. ते माह्यं हाय."

"सांगू नको माय. तुला माझी शपथ."

"नाई सांगत. पन बाबू, मानूस इतक्या आपुलकीनं इचारते तं किती डाव नाई म्हनाव?"

त्याच आठवड्यात तो तिला घेऊन निघाला. घर पाहिलं, बगिचा पाहिला, ओळखीची माणसं भेटली, की सगळं परत येईल, अशी त्याची आशा होती. मुंबईहून अमरावतीची गाडी घेतली. रात्रभर तो जागा राहिला. सकाळी अकोल्याला त्या उठून बसल्या, फलाटावरच्या बोलण्याला कान देऊन म्हणाल्या, "किशोर, हे लोक आपल्यासारखं बोलतेत रे." आपलं नाव त्यांच्या तोंडून ऐकून त्याला इतकं बरं वाटलं, की त्यानं त्यांना पुन्हा एकदा हाक मारायला लावली. त्या हसल्या आणि पुन्हा म्हणाल्या.

अमरावतीला उतरल्यावर त्यानं त्यांना बाकावर बसवलं, समोर सामान लावलं आणि टॅक्सी ठरवायला बाहेर गेला. फार वेळ लागला नाही. ड्रायव्हर बॅगा घ्यायला बरोबरच आला.

माय होती तिथंच बसलेली होती. शेजारी, बाकावर, चहाचे दोन रिकामे कागदी कप.

"कोण होतं?" किशोरनं विचारलं.

मनकर्णाबाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग पदर सावरून जरा अंग चोरून बसल्या.

"होते एक. पोराचं इचारत होते. लय आपुलकीनं."

मोर्शी गेलं, वरूड गेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगिचे लागले. किशोर सारखं बोलत होता. शाळेचं, तापात काढलेल्या रात्रींचं, दोघांनी मिळून लावलेल्या झाडाचं. मनकर्णाबाई सौजन्यानं ऐकत होत्या. "हाव का," म्हणत होत्या. एकदा त्यांनी विचारलं, "तुमाले अजून लांब जाचं हाय का?"

शेंदूरजनाघाटला घरापुढं गाडी थांबली तेव्हा ऊन चढलं होतं. मे महिन्यापासून बंद असलेलं घर. अंगणात ताजा सडा पडला होता.

दार उघडं होतं.

दारात तो उभा होता. कोट नव्हता. बंडी आणि धोतर.

"या," तो म्हणाला. "केव्हाची वाट पाहून राह्यलो." अस्सल वऱ्हाडी बोली, आणि आवाजात गार पाण्यासारखी माया.

कुंपणापलीकडून योगेशनं मान वर केली. मनकर्णाबाईंचा बगिचा तोच बटईनं, अर्ध्या वाट्यानं, करत असे, आणि त्यांना काकू म्हणे.

"पाहुने आले वाट्टे, काका?" तो म्हणाला.

"हाव," म्हातारा म्हणाला.

किशोरनं योगेशला हाक मारली. योगेशनं हसून नमस्कार केला, अनोळखी माणसाला करावा तसा, आणि पुन्हा कामाला लागला.

मनकर्णाबाईंनी चपला दाराबाहेर नीट जोडून काढल्या. पुढच्या खोलीतल्या खाटेच्या अगदी कडेला, पिशवी मांडीवर घेऊन, त्या बसल्या. भिंतींकडे, कोनाड्याकडे कौतुकानं पाहत राहिल्या.

आत माठावरचं झाकण निघाल्याचा आवाज आला.

किशोर त्यांच्या पायाशी बसला. "माय," तो म्हणाला. "माय, मी."

त्यांनी हळूच सरकून त्याच्यासाठी खाटेवर जागा केली.

"वर बसा न. तुमीबी पाहुनेच का इथं?"

म्हातारा पाण्याचा तांब्या घेऊन आला. तो किशोरच्या पुढ्यात ठेवला, समोर मांडी घालून बसला आणि डोळे भरून त्याच्याकडे पाहू लागला.

"तिकडं कोन्या मजल्यावर राह्यता म्हने तुमी?" त्यानं विचारलं. "अन् दार कोन्या बाजूले?"

किशोरनं तांब्या बाजूला सारला. मनकर्णाबाईंना ते बरं वाटलं नाही. त्यांनी खाटेवरून वाकून त्याला हलकेच ढोसलं आणि कानाशी येऊन कुजबुजल्या.

"सांगा न. लाजू नोका. घरचेच हायेत."