ऊबसंस्कार

उष्टावण झालं की महिन्याभरात ऊबसंस्कार, असा आता चंद्रपुरात घरोघरी रिवाज पडला होता. नाव धार्मिक वाटलं तरी ती दोन सुयांची लस होती.

पृथ्वीवरच्या दर दहा माणसांतली सहा आशियात राहत होती, तीही दक्षिणेला आणि पूर्वेला दाटीवाटीने. त्याच आशियाच्या उत्तरेला मैलोन्‌मैल जमीन ओस होती. माणसं तिकडे हलवावीत, तर थंडी सोसणार कशी? उत्तर तान्ह्या बाळांत सापडलं. त्यांच्या मानेखाली, पाठीत तपकिरी चरबी असते. ती जळते आणि बाळाला आतून ऊब देते. वय वाढतं तशी विरत जाते. ऊबसंस्काराने ती विरत नाही, उलट वाढते. अशी मुलं बर्फात साध्या सदऱ्यावर खेळतात.

प्रणोती आवारी जुईला दुसऱ्या सुईसाठी घेऊन आली, तेव्हा केंद्रात डॉ. खिरवडकर एकट्याच होत्या. ही लस त्यांनीच शोधलेली.

"मॅडम, तिकडं उत्तरेला पापड तरी वाळतात का जी?"

"गोठतात. पण मोडतात अगदी वाळल्यासारखे." डॉक्टर हसल्या.

प्रणोती हसली नाही. तिने जुईला फरशीवर ठेवलं. "पहिल्या सुईपासून पोरगी माझ्याजवळ राहत नाही. घेतली की रडते, खाली ठेवली की गप. दूध पण वाटी-चमच्यानं पाजते. माझं काही चुकलं का जी?"

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. "तुझं नाही गं. तिचं शरीर आतून सारखं तापतंय. ती उष्णता बाहेर टाकायला गारवा लागतो. तुझं अंग सदतीस अंशांचं. तिला ते शेगडीसारखं लागतं."

"अन् दुसऱ्या सुईनंतर?"

"कायमचं."

"म्हंजे मी सोबत गेले, तरी..."

"सोबत राहशील. तू घरात शेगडीपाशी, ती बाहेर."

"तुम्हाला हे आधी नव्हतं ठाऊक?"

"उंदरांत दिसलं होतं. पिल्लं आईपासून लांब निजायची. आम्हाला वाटलं, लवकर मोठी होतायत."

"सुई नाही दिली तर?"

"महिन्याभरात पहिलीचा असर उतरेल. कुशीत येईल तुझ्या. पण मग इथंच राहावं लागेल."

इथला उन्हाळा प्रणोतीला ठाऊक होता. जुईच्या आधीचा श्रीरंग त्रेपन्न अंशांच्या दुपारी गेला होता. ओल्या चादरीत गुंडाळून तिने त्याला मांडीवर घेतलं होतं, आणि चादर पुन्हा पुन्हा वाळत होती.

"द्या सुई," ती म्हणाली. "पण जरासं थांबा."

कोपऱ्यात लसी ठेवायची बर्फाची पेटी होती. त्यातली एक पिशवी तिने पदराआड छातीशी दाबली आणि दोन्ही हात कोपरापर्यंत बर्फात खुपसले. डॉक्टरांनी तिला अडवलं नाही. बोटं निळसर पडली, तेव्हा तिने पिशवी बाजूला टाकली आणि जुईला उचललं.

जुई रडली नाही. तिने आईच्या खांद्यावर मान टाकली, गळ्याशी नाक घासलं, आणि महिन्याभराची सगळी गोष्ट सांगावी तशी हुंकारत राहिली.

चार मिनिटं गेली असतील. हातांत पुन्हा ऊब येऊ लागली. जुईचे ओठ दुमडले, तशी प्रणोतीने स्वतःच तिला डॉक्टरांपुढे केलं.